रविवारची मॅच

चि. सई,

माझी दुसरी पाळी चालू आहे. घरी येतो तेव्हा तू झोपलेली आणि सकाळी तू रुसलेली, म्हणून हे लिहून फ्रिजवर लावतोय.

डोक्याचा सीटी स्कॅन नॉर्मल आला म्हणून रविवारी कबड्डीची मॅच खेळणार म्हणतेस. अगं, स्कॅनमध्ये रक्तस्राव दिसतो, हाड मोडलेलं दिसतं. मेंदूला बसलेला मुका मार त्यात दिसत नाही, तो तुझ्याकडे बघून कळतो. चढाईत त्या मुलीचा गुडघा कानशिलावर बसला, तेव्हा उठून तू थेट समोरच्या संघाच्या बाकड्याकडे चालायला लागलीस. परवा आईने ट्यूबलाइट लावली तर डोळ्यांवर हात धरलास. विचारलं की ‘काही नाही, बरी आहे’. सरांनाही हेच ऐकवत असणार!

2019च्या अ‍ॅशेसमध्ये लॉर्ड्सवर आर्चरचा चेंडू स्टीव्ह स्मिथच्या मानेवर बसला. तो परत येऊन खेळलासुद्धा. दुसऱ्या दिवशी सकाळी डोकं जड झालं आणि त्याला बाहेर बसवलं, पुढची कसोटीही हुकली. बाहेर बसला म्हणून तो काही लहान झाला नाही.

पहिले दोन दिवस आरामाचे होते, ते झाले. आता पडून राहायचं नाही. पार्कात चालायला जा, शाळेत आधी अर्धा दिवस जा. शाळा पूर्ण झेपली की सराव: हलकं धावणं, मग एकटीने पायांच्या हालचाली, मग कोणी पकडणार नाही अशा चढाया. डॉक्टरांनी हो म्हटल्यावरच पकडी, आणि मॅच सगळ्यात शेवटी. प्रत्येक पायरीला निदान 24 तास. डोकं ठणकलं की एक पायरी मागे. तुझ्या वयात याला चार आठवडेही लागतात, मोठ्यांपेक्षा जास्तच.

एक गोष्ट आईसमोर बोलत नाही, ती आधीच घाबरली आहे. पहिला मार भरून यायच्या आत पुन्हा लागलं तर मेंदूला सूज येऊ शकते. क्वचित होतं, पण होतं ते तुमच्याच वयाच्या पोरांत, आणि जिवावर बेततं. म्हणून उलट्या सुरू झाल्या, बोलताना जीभ अडखळली किंवा डोकेदुखी वाढतच गेली, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी आईला उठव. मला फोन कर, पाळी सोडून येईन.

सरांशी बोललोय. कप्तान तूच आहेस. रविवारी प्रभादेवीला मॅच बघायला नेतो, पण लाउडस्पीकरचा त्रास झाला तर तोंड मिटून बसायचं नाही, लगेच निघू.

बाबा