ओल्या ट्रंकेपाशी बसलेल्या ताई-दादांचे आभार

ऑगस्ट २०१९च्या महापुरात सांगलीतल्या आमच्या घरात कृष्णेचं पाणी शिरलं. आजोबांची ट्रंक भिजली. तीत १९४३ ते ४६च्या प्रतिसरकारच्या काळातली पत्रं आणि फोटोंचा चिकटून बसलेला गठ्ठा. मी सगळं उन्हात टाकणार, तोच मदतीला आलेल्या एक ताई म्हणाल्या, "थांबा, उन्हात कागद वाकडे होतील." त्यांनी फोटो स्वच्छ गार पाण्याच्या परातीत सोडले, कडेला धरून एकेक अलगद सुटा केला, सावलीत उताणा ठेवला. सोबतचे दादा रात्रभर पत्रांमधले टिपकागद बदलत राहिले. त्यांच्या स्वतःच्या घरात अजून चिखल होता, हे नंतर कळलं. आजीचा एकुलता एक फोटो वाचला; कोपरा गेला, चेहरा शाबूत आहे. गडबडीत तुमची नावंही विचारली नाहीत. ताई, दादा, मनापासून आभार.