कॉम्प्युटर आपोआप पिक्चर काढत नाही

मा. संपादक,

सुट्टीत नवा अ‍ॅनिमेशन पिक्चर लागला की पेपरात चार ओळी येतात, गोष्ट काय, आवाज कोणत्या स्टारने दिलाय, मुलांना आवडेल, संपलं परीक्षण. ज्यांनी तो घडवला त्यांचं नावसुद्धा नाही. लोकांचं तर ठरलेलंच असतं, कॉम्प्युटरच करतो सगळं, त्यात काय एवढं. हे ऐकून ऐकून राग यायला लागलाय म्हणून लिहितोय.

1995 चा टॉय स्टोरी घ्या, अख्खा कॉम्प्युटरवर केलेला पहिला मोठा पिक्चर. त्यातल्या वूडी नावाच्या काउबॉय बाहुल्याला हलवायला 700 च्या वर कंट्रोल होते आणि त्यातले 200 हून जास्त नुसते चेहऱ्याचे, म्हणजे भुवई किती उचलायची, ओठाचा कोपरा कुठे दुमडायचा हे सगळं माणसाने बसून ठरवायचं आणि तेही रेकॉर्ड झालेल्या डायलॉगशी तोंड जुळवत. आठ सेकंदांच्या कामाला आठवडा जायचा. मग रेंडरिंग, म्हणजे उजेड, सावली, कपड्याचा पोत यांचा हिशोब करून एकेक फ्रेम, म्हणजे पडद्यावरचं एकेक चित्र, तयार करणं. सेकंदाला 24 फ्रेम धरल्या तर त्या पिक्चरच्या 1 लाख 14 हजारांवर फ्रेम झाल्या, 117 मशीन लावून 8 लाख मशीन-तास गेले.

आता मशीन फास्ट झाली म्हणजे काम सोपं झालं असेल असं वाटतं ना? उलट झालंय. 2001 च्या मॉन्स्टर्स इंकमध्ये सली नावाच्या केसाळ राक्षसाच्या अंगावर 23 लाख केस होते, तो असलेली एक फ्रेम व्हायला 11-12 तास लागायचे. सली आणि त्याचा दोस्त माइक यांचा 2013 चा पुढचा पिक्चर आला तेव्हा एका फ्रेमला सरासरी 29 तास! मशीनची ताकद वाढली की आर्टिस्ट आणखी बारीक काम अंगावर घेतात, वेळ काही वाचत नाही.

आणि एवढं करून माणसांच्या हाती काय येतं तेही बघा. लाइफ ऑफ पायमधला वाघ बहुतेक शॉट्समध्ये कॉम्प्युटरवर केलेला आहे, तो करणाऱ्या ऱ्हिदम अँड ह्यूज या अमेरिकन कंपनीची मुंबई आणि हैदराबादलाही ऑफिसं होती. फेब्रुवारी 2013 मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली आणि त्याच महिन्यात त्या कामाला ऑस्कर मिळालं, ऑस्कर घेणारे स्टेजवर कंपनीच्या अडचणींबद्दल बोलायला लागले तर म्युझिक वाजवून भाषण थांबवलं, बाहेर शेकडो आर्टिस्ट निदर्शनं करत होते. हे वाचलं तेव्हा फार वाईट वाटलं.

आपल्या पुण्यातसुद्धा हे काम होतं, दिल्ली सफारी हा अ‍ॅनिमेशन पिक्चर इथल्याच क्रेयॉन पिक्चर्सने केलेला, नॅशनल अवॉर्ड मिळालेला, पण किती पुणेकरांना माहीत आहे?

तेव्हा विनंती एवढीच की तुमच्या परीक्षणात स्टारच्या नावाबरोबर स्टुडिओचं आणि अ‍ॅनिमेशन सांभाळणाऱ्यांचं नाव छापत चला, त्याला एक ओळ पुरते. आणि थिएटरवाल्यांनी शेवटची नावं सुरू झाली की लगेच लाइट लावून पडदा बंद करणं थांबवावं, त्या यादीत आपल्या मुलामुलींची नावं पण असतात.

आपला,
एक वाचक, कोथरूड, पुणे