सान्तोरिनीच्या जाहिरातींत न छापलेले

माननीय संपादक,

पावसाळ्यात किनाऱ्यावरचे शॅक उतरले, वॉटर स्पोर्ट्स बंद झाले की पर्यटन धंद्यातला गोंयकार मोकळा होतो. नेमके तेव्हाच जुलै-ऑगस्टमध्ये ग्रीस फिरून चवथीआधी घरी आणण्याच्या जाहिराती सुरू होतात. फोटो ठरलेला: सान्तोरिनी बेटावरची पांढरी घरे, निळे घुमट आणि रस्त्यावर चिटपाखरू नाही. आपली ऑफ सीझन ती तिथली ऐन गर्दी, हे मात्र कुठे छापलेले नसते. बेट ७६ चौरस किलोमीटरचे, आपल्या तिसवाडी तालुक्याच्या निम्म्याहून लहान.

पहिली चूक परतीच्या तिकिटात होते. ईजियन समुद्रावर या दोन महिन्यांत मेल्तेमी हा उत्तरेचा कोरडा वारा सुटतो. आभाळ निरभ्र, ऊन लख्ख आणि तरी बोटी बंद, हे आपल्याला पटत नाही, कारण आपला समुद्र खवळतो तो पावसासोबत. वारा वाढला की आधी कॅटामरान या वेगवान बोटी थांबतात, मोठ्या बोटी नंतर. अथेन्सच्या पिरेयस बंदरातून कॅटामरानला पाचेक तास लागतात, मोठ्या बोटीला आठच्या आसपास. ऑगस्टमध्ये मोठीच घ्यावी, ती स्वस्तही पडते. परतीच्या विमानाची आदली रात्र अथेन्समध्येच काढावी. रद्द बोटीचे पैसे परत मिळतात, चुकलेल्या विमानाचे कोणी देत नाही. १५ ऑगस्टला तिकडे मरियेच्या स्वर्गारोहणाचा मोठा सण असतो आणि अथेन्सकर बेटांकडे धावतात. त्या आठवड्याची तिकिटे फार आधी काढावी लागतात.

बोट बेटाच्या अथिनिओस धक्क्याला मागच्या बाजूने लागते. त्याआधीच सगळे प्रवासी बॅगा घेऊन खालच्या गाड्यांच्या मजल्यावर दाटीवाटीने उभे असतात. चोडणच्या फेरीबोटीत रॅम्प टेकण्याआधी किक मारायची जी घाई, तीच इथे, फक्त भोवती दुचाक्यांऐवजी ट्रक. धक्क्यावरून वर नागमोडी घाट आहे, बॅग ओढत चढण्याचा नव्हे. फिरा या बेटावरच्या मुख्य गावाला जाणारी बस धक्क्यावर मिळते. सुटे युरो हाताशी ठेवावेत. टॅक्सी मोजक्याच, त्यांच्या भरवशावर राहू नये.

क्रूझ प्रवाशांवर दिवसाला ८,००० ची मर्यादा आहे. जुन्या बंदरातून त्यांना वर फिरात आणणारी केबल कार ताशी सुमारे १,२०० माणसे नेते. भागाकार केला तर सगळ्यांना वर यायलाच साडेसहा तासांहून जास्त लागतील! दुपारनंतर तीच रांग उतरणीला. पर्याय ५८८ पायऱ्यांचा, पण दगड झिजून गुळगुळीत झालेले आणि वर गाढवांची लीद, तेव्हा साध्या चपलांनी उतरणे म्हणजे घसरणे. बेटावर मुक्काम असेल तर फिरा सकाळी नऊच्या आत पाहून घ्यावे आणि दिवसा पेरिसा किंवा कामारीचा किनारा गाठावा. तिथली वाळू ज्वालामुखीची, काळी. दुपारी तिच्यावर अनवाणी चार पावलेही टाकवत नाहीत. पारा तिशीच्या आसपास, म्हणजे गोवेकराला काहीच नाही. वाऱ्यामुळे घामही कळत नाही आणि संध्याकाळपर्यंत मान लालबुंद होते. नळाचे पाणी पिऊ नये, बाटलीच घ्यावी.

ईया गावचा सूर्यास्त जुलैअखेर साडेआठच्या सुमारास. किल्ल्याजवळची जागा दोन तास आधी अडवली जाते, आणि सूर्य बुडताच तोच जमाव फिराच्या बसवर तुटून पडतो. इमेरोविग्ली गावाहूनही सूर्य तोच दिसतो. ईयाचा हट्ट निव्वळ फोटोचा आहे.

खर्चाच्या बाबतीत एजंटांनी प्रामाणिक व्हावे. ग्रीसमध्ये एप्रिल ते ऑक्टोबर हॉटेलात हवामान-कर वेगळा द्यावा लागतो. खोलीमागे दर रात्री तीन तारांकितला ५, चार तारांकितला १० आणि पाच तारांकितला १५ युरो, असे २०२५ पासूनचे दर आहेत. सान्तोरिनीला क्रूझने उतरणाऱ्याला जून ते सप्टेंबर माणशी २० युरो. या रकमा पॅकेजच्या किमतीखाली ठळक छापायला काय हरकत आहे?

ग्रीससाठी लागणाऱ्या शेंगेन व्हिसाचा अर्ज सहा महिने आधीपासून देता येतो. फी प्रौढाला ९० युरो, आणि किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. गोव्यात अनेक घरांत नवरा पोर्तुगीज पासपोर्टवाला आणि बायको भारतीय पासपोर्टवर. दोघे मिळून ग्रीसला जाणार असतील तर युरोपीय नागरिकाची पत्नी म्हणून तिचा व्हिसा निःशुल्क असतो. लग्नाचा दाखला जोडून तसा स्पष्ट अर्ज करावा लागतो, एरवी फी भरून मोकळे होतात लोक.

शाळकरी मुले असलेल्यांना ऑगस्टचा आग्रह कशाला? मे महिन्याची सुट्टी आहेच. फेब्रुवारीत व्हिसाचा अर्ज, मेच्या मध्याला प्रवास. गर्दी कमी, खोल्या स्वस्त, मेल्तेमीचा जोर नाही. समुद्र तेवढा विशीच्या आसपास, म्हणजे आपल्या अंगाला झोंबेल असा.

— एक वाचक, म्हापसा