शिडीला हात लावण्याआधी

ती. बाबा आणि आई,
साष्टांग नमस्कार.

आईचा फोन आल्यापासून माझं मन थाऱ्यावर नाही. बाबा, तुम्ही एकटे शिडी लावून अँटेनापर्यंत चढलात, तेही भर दुपारी. आई म्हणाली, हॅम म्हणजे हौशी रेडिओवर बोलता बोलता ४० मीटर बँडवरच्या (७ मेगाहर्ट्झ) माणसांचे आवाज गेले, मग खरखरही विरली आणि सेटवरचा सिग्नलचा काटा खाली पडून राहिला. मी वेळ ताडून पाहिली. नेमकी तेव्हाच सूर्यावर एक्स, म्हणजे सर्वांत जोरदार वर्गाची सौरज्वाला भडकली होती. तुमचा सेट आणि अँटेना दोन्ही ठणठणीत आहेत.

ज्वालेचे क्ष-किरण ८ मिनिटांत पृथ्वीवर पोचतात आणि ६० ते ९० किलोमीटर उंचीवरचा, वातावरणातल्या विद्युतभारित पट्ट्याचा डी थर एकदम दाट करून टाकतात. एरवी आपले सिग्नल त्यातून पार होऊन वरच्या एफ थरावरून परततात. अशा वेळी जाताना आणि येताना, दोन्ही खेपांना हा थर त्यांना शोषून घेतो. लांबून येणारी खरखरही त्यातच जिरते, म्हणून तर सेट मेल्यासारखा वाटतो.

हा मार खालच्या वारंवारितेच्या बँडला जास्त बसतो आणि तिथेच उशिरा ओसरतो. तेव्हा ७ मेगाहर्ट्झ गप्प झालं, की आधी २१ किंवा २८ वर जाऊन ऐका. तिथे कुणी बोलत असेल तर अँटेनाकडे बघूही नका. ज्वाला मोठी असली तर तिथेही शांतता असेल. मग तास-दोन तास थांबा. हे फक्त उजेडाच्या बाजूला होतं. रात्री बँड बसला तर कारण वेगळं, कधी कधी सूर्यावरून निघून एक ते तीन दिवसांनी पोचणारं चुंबकीय वादळ.

६ सप्टेंबर २०१७ ला कॅरिबियन बेटांवर इर्मा वादळ घोंघावत असताना एक्स ९.३ ची ज्वाला भडकली आणि मदतकार्यातल्या हॅम मंडळींचा शॉर्टवेव्ह ऐन वेळी बसला. तिथे जीव टांगणीला लागले होते, तरी बँड उघडेपर्यंत थांबण्यावाचून इलाज नव्हता. आपल्या तर नुसत्या गप्पा आहेत, बाबा.

आई, काटा पडला की तू फक्त वेळ लिहून ठेव आणि मला कळव. अँटेना खरंच तपासायचा असेल तर मी आल्यावर मीच चढेन.

रविवारी नेहमीच्या वेळी १४ मेगाहर्ट्झवर हाक देते. उत्तर आलं नाही तर लगेच फोन करेन.

७३ (आपल्या हॅम भाषेत शुभेच्छा),
तुमची लेक