तो गंज पुसू नका

मा. संपादक,

गेल्या महिन्यात आमच्या भागातल्या एका हस्तकला प्रदर्शनात मी माझी बार्ज, म्हणजे खनिज वाहणाऱ्या मालबोटीचे हाताने केलेले मॉडेल, ठेवली होती. खऱ्या बार्जच्या शंभराव्या हिश्शाची, 62 सेंटिमीटर लांब. दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन पाहतो तर डावी बाजू ओल्या फडक्याने लख्ख पुसलेली. पुसणारी मुलगी आपल्या कामाला चोख होती. ‘काका, खूप धूळ बसली होती,’ म्हणाली. तिच्यावर माझा राग नाही. पण ती धूळ लावायला मला तीन आठवडे लागले होते, आणि परीक्षकांनीही ‘काम सुबक, स्वच्छता कमी’ असा शेरा लिहिला, म्हणून हे पत्र.

मी 22 वर्षे बार्जवर इंजिन सांभाळले. खाणींवरचा माल मांडवीतून मुरगाव बंदरात न्यायचा. पावसाळ्यात मांडवीचे तोंड वाळूने बंद झाले की कुंभारजुव्याच्या कालव्यातून जुवारी नदीत उतरायचे. त्या सगळ्या वर्षांत नव्या डब्यासारखी चकचकीत बार्ज मी गोदीतून बाहेर पडतानाच पाहिली, आणि तीही आठवडाभरच तशी राहायची. मग मॉडेल चकचकीत केले तर ते कोणत्या बार्जचे?

जुनेपणा दाखवायचा म्हणजे तपकिरी रंग फासायचा, असे नाही. गंज कुठून सुरू होतो ते ठाऊक असावे लागते. नांगराच्या भोकाखाली, वेल्डिंगच्या सांध्यांवर, जेटीला घासून रंग गेलेला असतो तिथे तो धरतो आणि पाण्याबरोबर सरळ खाली ओघळतो. भरलेली बार्ज किती बुडते आणि रिकामी किती वर येते, या दोन रेषांमधला पट्टा वेगळाच दिसतो. तिथे शेवाळाची हिरवट झाक असते.

मी आधी सगळा सांगाडा गंजाच्या रंगात रंगवतो. त्यावर केसांवर मारायचा स्प्रे, तो सुकल्यावर वरचा ॲक्रिलिक रंग. मग ओल्या ताठ ब्रशने हलके घासले की खालचा स्प्रे विरघळतो आणि वरचा रंग पोपडे आल्यासारखा सुटतो. हे मॅट, म्हणजे चमक नसलेल्या, वॉर्निशने पक्के करायचे. त्यानंतर टर्पेन्टाइनमध्ये अगदी पातळ केलेला तेलरंग खाचांत सोडायचा. हे काम जून ते सप्टेंबर मी करत नाही. हवेतल्या दमटपणाने वॉर्निशवर पांढरी साय धरते.

सगळ्यात शेवटी धूळ. बाजारात त्यासाठी रंगीत पूड मिळते, पण मी आमच्या जुन्या जेटीजवळून आणलेली खनिजाची माती कुटून, मलमलमधून गाळून वापरतो. गोव्याचे लोहखनिज बहुतांशी हेमाटाइट, म्हणजे लोखंडाचाच ऑक्साइड. जी माती त्या डेकवर बसायची तीच मॉडेलवर आहे. तिच्यावर वॉर्निश मारले तर ती ओली दिसते, म्हणून मारत नाही. फडक्याने गेली ती नेमकी हीच.

माझा भाचा विमानांची मॉडेल करतो. त्याचे बहात्तरास एक प्रमाणातले सी हॅरियर हे नौदलाचे लढाऊ विमान जेमतेम 20 सेंटिमीटर भरते. त्याच्यासाठी बोगमाळोच्या नौदल हवाई संग्रहालयात आम्ही दोनदा गेलो. उघड्यावर ठेवलेल्या विमानाचा रंग ऊन-पावसाने उडालेला असतो. उडणाऱ्या विमानाची झीज निराळी, ते मागच्या नॉझलांच्या, म्हणजे इंजिनाचा झोत बाहेर सोडणाऱ्या तोंडांच्या, गरम धुराने काळवंडते. हा फरक कळायला जुने फोटोच पाहावे लागतात. भाच्याने तो कळेपर्यंत मागच्या भागाला रंगच दिला नाही. एवढा विचार करणाऱ्या पोराला ‘खेळणी करतोस का?’ असे विचारले जाते, तेव्हा वाईट वाटते.

आणि हे आपल्याला नवीन आहे असेही नाही. साखळीला विठ्ठलापुरात त्रिपुरारी पौर्णिमेला लोक हाताने केलेल्या नौका वाळवंटी नदीत सोडतात, त्यांची स्पर्धा होते, बघायला रात्री गर्दी लोटते. त्या नौका सजलेल्याच हव्यात. पण कष्टाच्या नौकेचा चेहराही कुठेतरी जपायला हवा. 2012 साली खाणी थांबल्या आणि त्यानंतर किती बार्जेस भंगारात गेल्या, ते आम्ही काठावर उभे राहून पाहिले आहे.

प्रदर्शन भरवणाऱ्यांना विनंती, मॉडेलवर काचेची पेटी ठेवा, ती थेट उन्हात नको, आणि आत काय मुद्दाम केले आहे हे करणाऱ्यालाच चार ओळींत लिहू द्या. परीक्षक नेमताना बार्जवर, गोदीत किंवा गॅरेजमध्ये काम केलेला एखादा माणूस असू द्या. डिचोली तालुक्यातल्या कोणत्याही वाचनालयाने भिंतीलगत एक काचेचे कपाट दिले, तर मी माझी बार्ज कायमची द्यायला तयार आहे. डावी बाजू पुन्हा करायला घेतली आहे. मातीची अर्धी बरणी शिल्लक आहे, तेवढी पुरेल.

– एक निवृत्त बार्ज कामगार, डिचोली