जैतापूरच्या विजेचा दर आधी सांगा

संपादक महोदय,

अणुवीज स्वस्त की सौर, या वादात दोन्ही बाजू सोयीचा आकडा पुढे करतात. २०२० साली गुजरातच्या लिलावात सौरवीज युनिटला १.९९ रुपयांपर्यंत उतरली, हे खरे. पण तो दर ऊन असतानाचा. संध्याकाळी सातला मागणी चढते तेव्हा सौर पॅनेल थंड पडलेले असतात. म्हणून साठवणुकीचा खर्च धरल्याशिवाय सौरविजेचा हिशेब पुरा होत नाही. जमिनीचेही तसेच. एका मेगावॅटला चार-पाच एकर लागतात, आणि ती कुणाची तरी शेती किंवा गायरान असते.

मात्र हाच काटेकोरपणा जैतापूरला का लावला जात नाही? तिथे प्रत्येकी १७३० मेगावॅटच्या, ईपीआर नावाच्या फ्रेंच बनावटीच्या सहा अणुभट्ट्या प्रस्तावित आहेत. याच बनावटीची भट्टी फ्रान्समध्ये फ्लामानव्हिल येथे २००७ मध्ये बांधायला घेतली. अंदाज ३.३ अब्ज युरोंचा होता. तो १३ अब्जांपलीकडे गेला आणि वीजजाळ्याशी जोडणी झाली डिसेंबर २०२४ मध्ये. फिनलंडची अशीच भट्टी २००५ ला बांधायला घेतली, ती २०२३ मध्ये नियमित उत्पादनाला लागली. अणुविजेत इंधन स्वस्त, बांधकाम महाग. एक युनिटही विकले जात नसताना कर्जावरचे व्याज वर्षानुवर्षे चढत राहते. फ्रान्सला स्वतःच्या घरी जे जमले नाही ते जैतापूरजवळच्या माडबनच्या सड्यावर वेळेत होईल, असे कशाच्या जोरावर मानायचे?

देशी ७०० मेगावॅटच्या भट्ट्यांचा हिशेब वेगळा मांडावा; तारापूरनेही अनेक वर्षे स्वस्त वीज दिली आहे. माझा विरोध अणुऊर्जेला नाही, आंधळ्या खरेदीला आहे.

साठवणूक आपल्याला नवीन नाही. घाटघरला मागणी कमी असताना पाणी पंपाने घाटमाथ्यावर चढवतात आणि गरजेच्या वेळी खाली सोडून २५० मेगावॅट वीज काढतात. सह्याद्रीत अशा आणखी जागा आहेत. तुलना करायची तर अशा साठवणुकीसह मिळणाऱ्या सौर-पवन विजेशी करा.

आजवर अणुविजेचा दर केंद्राच्या अणुऊर्जा विभागाने ठरवला आहे. महावितरणच्या दरवाढीवर होते तशी जाहीर सुनावणी त्यावर होत नाही. राज्य सरकारने जैतापूरच्या वीजखरेदीला होकार देण्याआधी अपेक्षित दर आणि विलंबाचा भुर्दंड कोण सोसणार, हे लेखी जाहीर करावे.

– एक वाचक, राजापूर