उजव्या हातातली चाल

प्रिय शिरीष,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. आयर्न मेडन हा ब्रिटिश हेवी मेटल बँड ऐकत आपण दोघे एकत्रच वाढलो, त्यामुळे ‘या ब्लॅक मेटलमध्ये चाल कुठे असते?’ हा तुझा प्रश्न मला अगदी रास्त वाटला. अलीकडे मी ब्लॅक मेटल (प्रचंड वेगाचे, किंचाळत गायलेले मेटल) आणि फोक मेटल (लोकसंगीत मिसळलेले मेटल) यांतले, पूर्वी कधी न ऐकलेले अल्बम रात्री हेडफोन लावून सलग ऐकतो आहे आणि त्यातून माझ्यापुरते एक उत्तर सापडले आहे. चाल असते, पुष्कळदा ती लोकगीताच्या वळणाचीच असते. मात्र ती गायकाच्या गळ्यात नसून गिटारवादकाच्या उजव्या हातात असते. एकच तार पिकने, म्हणजे बोटांत धरायच्या छोट्या पट्टीने, अतिशय वेगाने वर-खाली छेडत राहिले की सुटे आघात कानाला जाणवेनासे होतात आणि एक लांब, अखंड सूर उरतो. ड्रमचा वेग विसरून तेवढ्या सुराच्या मागे गेलास, तर चाल आपोआप हाती लागेल.

सुरुवात नॉर्वेच्या उल्वर या बँडपासून कर. त्यांचा ‘बर्गटाट’ हा पहिला अल्बम 1995 सालचा, जेमतेम पस्तीस मिनिटांचा आणि पाच अध्यायांत मांडलेला आहे. डोंगराच्या पोटात राहणारे अदृश्य लोक एका मुलीला भुलवून आत ओढून नेतात, ही तिथल्या लोकसमजुतीतली कथा तो जुन्या वळणाच्या भाषेत सांगतो. पहिल्याच अध्यायात, जिथे आपण किंचाळीची वाट पाहत असतो, तिथे एकावर एक चढवलेले संथ, समूहगानासारखे आवाज येतात. तिसऱ्या अध्यायाच्या मध्यावर वाद्यांचा गदारोळ अचानक थांबतो आणि रानातून धावणाऱ्या पावलांचा आवाज तेवढा ऐकू येतो. त्या ठिकाणी मी दर वेळी श्वास रोखून बसतो. चौथा अध्याय तर संपूर्ण अकूस्टिक गिटारवर आहे. पुढे याच मंडळींनी 1996 मध्ये ‘क्वेल्डसांगर’ हा विजेच्या गिटारीविना केलेला अल्बम काढला आणि 1997 मध्ये ‘नाटेन्स माद्रिगाल’ हा कमालीचा खरखरीत अल्बम. पहिल्या अल्बममध्ये एकजीव असलेल्या दोन गोष्टी त्यांनी अशा वेगळ्या करून दाखवल्या. तिन्ही लागोपाठ ऐकल्यावर मला तरी पहिलाच सरस वाटतो, कारण तिथे हळुवारपणामुळे भीती वाढते आणि भीतीमुळे हळुवारपणा अधिक लागतो.

पण हे पत्र मी मुख्यतः पॅनॉप्टिकॉनच्या ‘केंटकी’ या 2012 सालच्या अल्बमसाठी लिहायला घेतले. पॅनॉप्टिकॉन म्हणजे ऑस्टिन लन हा एकटा माणूस. अमेरिकेतल्या केंटकीच्या डोंगराळ भागातले कोळसा कामगार, त्यांचे संप आणि खाणींनी पोखरलेले डोंगर हा त्याचा विषय आहे. अल्बम उघडतो तो बॅन्जो (बोटांनी छेडायचे तंतुवाद्य) आणि फिडल (लोकसंगीतातले व्हायोलिन) यांवर, निखळ ब्लूग्रास या अमेरिकन लोकसंगीताच्या पद्धतीने, आणि तिथून एकदम ब्लॅक मेटलचा लोंढा अंगावर येतो. हा सांधा मला कुठेही खटकला नाही, कारण ब्लूग्रासमध्येही सारी मदार उजव्या हाताच्या वेगावरच असते. बॅन्जोची बोटे आणि गिटारचे पिक एकाच कुळातले वाटू लागतात. मधल्या एका लांब गाण्यात कामगारांच्या संपाच्या आठवणी बोलक्या आवाजात ऐकू येतात आणि मग पुढची किंचाळी निव्वळ शैली म्हणून उरत नाही. ती कोणाच्या वतीने उठली आहे, हे आपल्याला कळलेले असते.

याच अल्बममध्ये ‘तू कोणत्या बाजूचा?’ असे विचारणारे जुने कामगारगीत आहे. एका कामगारनेत्याची पत्नी फ्लॉरेन्स रीस हिने ते 1931 मध्ये, शेरीफची माणसे नवऱ्याच्या शोधात घरात घुसून गेल्यानंतर, भिंतीवरच्या कॅलेंडरचे पान फाडून त्यावर लिहिले. अमर शेख आणि अण्णा भाऊ साठे यांची शाहिरी ऐकत मोठ्या झालेल्या आपल्यासारख्यांना त्या गाण्याची वेगळी ओळख करून द्यावी लागत नाही. नव्वदच्या दशकात नॉर्वेत याच संगीताच्या वर्तुळातल्या काहींनी चर्च जाळली, खूनही झाले; त्याबद्दलची तुझी घृणा मला पूर्ण मान्य आहे. म्हणूनच त्याच सुरावटी खाणकामगारांच्या बाजूने उभ्या राहिलेल्या पाहून मला फार बरे वाटले.

फिनलंडच्या फिनट्रोल या बँडचा ‘याक्टेन्स टीड’ (2001) तिथल्या हुम्पा नावाच्या नाचाच्या ठेक्यावर चालतो. मजा येते, पण दोनदा ऐकल्यावर माझे मन भरले. त्याच देशातल्या मूनसॉरो या बँडचा 2007 चा अल्बम मात्र सवडीने ऐकण्याजोगा आहे. त्यात गाणी दोनच, एक अर्ध्या तासाचे आणि दुसरे सव्वीस मिनिटांचे. एक सुरावट ते इतक्या सावकाश वाढवतात की ख्यालाची सवय असलेल्या तुझ्या कानांना ती बढत ओळखीची वाटेल.

‘केंटकी’ ऐकताना फोनचा स्पीकर वापरू नकोस, गिटारचा तो अखंड सूर त्यात पार हरवतो. ऐकून झाल्यावर सविस्तर लिही. फिडल आणि ब्लॅक मेटल यांचा सांधा तुला जाणवला का, हे मला विशेष जाणून घ्यायचे आहे. वहिनींना नमस्कार सांग.

तुझा,
विनायक